मनगटातली उघडी रेघ

वय विचारलं की म्हातारी माणसं छताकडे बघतात. 'बहात्तरच्या दुष्काळात रांगत होतो' म्हणतात, आणि मी अंदाजानं आकडा टाइप करते. त्यांचा मला कधी राग येत नाही. राग येतो तो न अडखळता वय सांगणाऱ्यांचा. मुलीचा बाप खिडकीशी वाकून 'अठरा पूर्ण' म्हणतो, तेव्हा त्या 'पूर्ण'मध्येच पाणी मुरत असतं. खऱ्या अठरा वर्षांच्या मुलीचा बाप नुसतं अठरा म्हणतो.

मी दैवशाला. बदनापुरात डॉक्टर राजानंद यांचा हाडांचा दवाखाना आहे, तिथं एक्स-रे काढते. सकाळी जालन्याहून रेल्वेनं यायचं, संध्याकाळी परत जायचं, असं सोळा वर्षं चाललंय. लोक एक्स-रेला फोटो म्हणतात आणि मला फोटोवाली बाई. डॉक्टर हाडं बसवतात, भुजंगराव प्लास्टर घालतात आणि कापतात, मी फोटो काढते आणि तोंड बंद ठेवते. फोटोत काय दिसतं ते टेक्निशियननं पेशंटला सांगायचं नसतं, ते डॉक्टरांनी सांगायचं, हे मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सोळा वर्षं मी ते पाळलं. इतकं चोख पाळलं की आता त्याचीच लाज वाटते.

एप्रिलमधली गोष्ट. शुक्रवार होता. रामराव नावाचा एक बागाईतदार बायको दुर्गाबाई आणि मुलगी अर्पिता यांना घेऊन आला. मोसंबीची मोठी बाग, ट्रॅक्टर, गावात मान, पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या खिशात मोठा फोन. अडलेला-नडलेला माणूस नव्हे. मुलीच्या उजव्या हाताला कोपराखालून बोटांपर्यंत प्लास्टर. बावीस दिवसांपूर्वी शाळेतून येताना सायकलवरून पडली आणि मनगट मोडलं, तेव्हा आमच्याकडेच प्लास्टर घातलं होतं. दुर्गाबाईंच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती त्या जिवापाड जपत होत्या.

"डॉक्टरसाहेब, प्लास्टर काढून द्या. जरा जल्दी," रामराव म्हणाला.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "अहो, बावीसच दिवस झालेत. अजून तीन आठवडे तरी ठेवायला पाहिजे."

"ठेवलं असतं हो. पण बुधवारी लगीन हाय हिचं. काल कासार आल्ता चुडा भराया. त्यो म्हणला, प्लास्टरवरून बांगडी चढत न्हाई. मंग काय, एका हातात चुडा न् एक हात भुंडा ठेवून नवरी उभी करू का मांडवात? भावकी काय म्हणल?"

दुर्गाबाईंनी पिशवी उघडून दाखवली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. पोरगी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या कासारानं एकच हात भरला असता, किंवा यांनी प्लास्टरवर शालू ओढून मुलगी बोहल्यावर उभी केली असती, तर बुधवारी लग्न लागून गेलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण भुंडा हात अशुभ. चौदा वर्षांच्या पोरीला संसाराला जुंपणं अशुभ नाही, पण तिचं एक मनगट मोकळं राहिलं तर आकाश कोसळतं! त्या एका मनगटापायी यांनी तिला आपण होऊन माझ्या खोलीत आणून बसवलं.

डॉक्टर म्हणाले, "फोटो काढून बघू. जुळलं असेल तर काढतो, मग हात जपायचा."

एक्स-रेच्या खोलीचा एक नियम आहे. किरणांमुळे पेशंटखेरीज कुणी आत थांबायचं नाही. ना बाप, ना आई, ना आत्या. शिसं लावलेलं जाड दार मी लावून घेते. या मुलींना घरात, शेतात, देवळात कुठंही एकटं सोडत नाहीत. माझ्या खोलीत मात्र सोडावंच लागतं. आणि बाई असली की मला काही प्रश्न विचारावे लागतात, कारण पोटात मूल असेल तर फोटो जपून काढायचा असतो.

"पाळी कधी आली होती?" मी विचारलं.

"मागच्या महिन्यात."

"नेहमी वेळेवर येते?"

"न्हाई. आत्ता मागच्या सालीच पहिल्यांदा आली." एवढं बोलून तिनं मान खाली घातली.

मी तिचा हात टेबलावर ठेवला आणि थबकले. प्लास्टरची बाहेरची कड ठेचून गेली होती. जागोजाग चिरा, आतली जाळी बाहेर आलेली, माझ्या टेबलावर पांढरी भुकटी सांडली. बावीस दिवसांत प्लास्टर मळतं, त्याची अशी दशा होत नाही.

"हे कशानं झालं गं?"

तिची नजर बंद दारावर गेली. मी दाराकडे बोट दाखवलं. "बाहेर काही ऐकू जात नाही."

"आपटून राह्यले मी," ती म्हणाली. "रोज. न्हाणीत, नळ सोडून. भिंतीवर."

"का?"

"जुळू न्हाई म्हणून. जुळलं न्हाई तं प्लास्टर निघत न्हाई. प्लास्टर निघलं न्हाई तं चुडा न्हाई." तिनं हे गणिताची पायरी सांगावी तसं सांगितलं. "आईच म्हणली व्हती, चुड्याबिगर नवरी उभी ऱ्हात न्हाई म्हणून."

"दुखत नाही?"

"दुखतं ना," ती म्हणाली. हा काय प्रश्न झाला, असं माझ्याकडे बघून.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आपलं हाड जुळू नये म्हणून एक पोर रोज नळ सोडून मनगट भिंतीवर आपटते, आणि बाहेर बाप मांडव, केळीचे खांब आणि भावकी यांची चिंता वाहत बसलाय. मी ओठ घट्ट मिटले, शिशाच्या आडोशामागं गेले आणि बटण दाबलं. हाताला सवय असते, तो काम करून जातो.

फोटो कॉम्प्युटरवर आला. जुळलं होतं. नुसतं जुळलं नव्हतं, मोडलेल्या जागेभोवती नव्या हाडाचा जाडजूड गोळा धरला होता.

हाड मोडलं की आधी तिथं रक्त साकळतं. त्यातून मऊसर कूर्चा तयार होऊन दोन टोकांमध्ये पूल बांधते, मग त्या पुलात चुना भरत जातो आणि तो कडक होतो. जागा हलत राहिली तर शरीर घाबरतं आणि वरून आणखी भर घालतं. ही आपटत होती आणि तिचं शरीर भर घालत होतं. ही तोडू बघत होती आणि ते बिचारं इमानेइतबारे जोडत होतं. आपल्यासारख्यांचं हाड बावीस दिवसांत जेमतेम धुरकट दिसू लागतं. लेकरांचं हाड असं वाट बघत बसत नाही.

"जुळलं का?" तिनं विचारलं. मी कॉम्प्युटरकडेच बघत राहिले, त्यावरूनच तिला कळलं. "बाई, जुळलं न्हाई म्हणून सांगा ना. तुम्ही सांगितलं तं पटल त्यांला."

सांगता आलं असतं. पण ते खोटं किती दिवस टिकलं असतं? तीन आठवडे. मे महिन्यात मुहूर्तांना काय तोटा? हाड तर जुळणारच होतं, आणि मग चुडा, मग मांडव. मी नुसती तारीख पुढं ढकलली असती आणि घरी जाऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

आणि त्या फोटोत आणखी एक गोष्ट होती. मनगटाच्या अगदी जवळ, हाडाचं टोक आणि हाडाचा दांडा यांच्यामध्ये एक काळी आडवी रेघ. ती चीर नव्हे. वाढत्या पोराच्या हाडाला ती असतेच. तिथं अजून कूर्चा असते, तिथंच रोज नवं हाड तयार होतं आणि हात लांब होतो. वाढ पुरी झाली की ती रेघ बुजते, टोक आणि दांडा एक होतात. मुलींच्या मनगटात हे साधारण सोळा-सतराच्या आसपास होतं. अर्पिताची रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सताड उघडी होती.

"कितवीत आहेस?"

"नववीत व्हते. परीक्षेच्या आधी हात मोडला. मंग पप्पा म्हणले, आता बस घरीच."

"आणि वय? खरं सांग."

"चौदा. फेब्रुवारीत झाले. मोठ्या चुलत्यानं आधार कार्ड करून आणलं दुसरं."

तुलना करायला जुना फोटो उघडायचा असतो, म्हणून मी बावीस दिवसांपूर्वीचा उघडला. तोही मीच काढला होता. त्यातही ती रेघ होती, तेवढीच काळी, तेवढीच उघडी. कोपऱ्यात छापलं होतं: अर्पिता रामराव, वय अठरा, स्त्री. खाली माझी आद्याक्षरं.

मला तो दिवस आठवला. बाहेर गर्दी होती, संध्याकाळच्या गाडीची वेळ होत आली होती. रामराव 'अठरा पूर्ण' म्हणाला आणि मी अठरा टाइप केलं. फोटो आल्यावर रेघ मला दिसली होती. सोळा वर्षं रोज हाडं बघणाऱ्या बाईला ती दिसली नाही असं कसं होईल? दिसली, आणि मी कानाडोळा केला. आपल्याला काय करायचंय, म्हटलं. एका चुलत्यानं आधार कार्डावर खोटं लिहिलं, आणि दुसरं खोटं दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर मी लिहिलं. रामरावाला शिव्या घालायच्या तर पहिली शिवी मला घालायला हवी होती, आणि ती मी घातली, मनातल्या मनात, चांगली सणसणीत.

मग मी नव्या फोटोवरचा अठराचा आकडा खोडला, चौदा लिहिलं, आणि फिल्म छापली.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पाटीवर लावली. त्यांची नजर आधी जुळलेल्या जागेवर गेली, मग रेघेवर, मग कोपऱ्यातल्या आकड्यावर. त्यांनी सगळं बघितलं. मी त्यांच्याकडेच बघत होते.

"छान जुळलंय," ते म्हणाले. "भुजंगराव, काढून टाका प्लास्टर."

"सर, रेघ," मी म्हटलं.

"बघितली मी. तुमचं काम झालं, तुम्ही आत जा."

मी आत गेले नाही. मी रामरावाकडे वळले.

"रामराव, मुलीचं वय किती?"

"सांगितलं न्हाई का? अठरा पूर्ण. आधार कार्ड हाय संग, दाखवू का?"

"ही काळी रेघ दिसते? वाढ पुरी झाल्याशिवाय ही बुजत नाही. तुमची बुजलीय, माझी बुजलीय. हिची उघडी आहे. आधार कार्डावरची तारीख माणसाच्या हातानं बदलते, ही रेघ कुणाच्या बापाला बदलता येत नाही."

"ए बाई!" रामराव उठून उभा राहिला. "तू फोटो काढायची का वकिली करायची? साहेब, काय लावलंय हे? आम्ही प्लास्टर काढाया आलो का कोर्टात?"

"दैवशालाबाई, हाडावरून वय नेमकं सांगता येत नाही," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "दोन वर्षं इकडं-तिकडं होतात, हे तुम्हालाही माहितीय."

"होतात ना सर. दोन वर्षं घाला. चौदाचे सोळा करा. अठरा कुठून आणता?"

रामरावानं पुढं होऊन फिल्म ओढून काढली आणि फाडायला गेला. पण एक्स-रेची फिल्म प्लास्टिकची असते, ती अशी फाटत नाही. त्यानं दोन्ही हातांनी पिळली, चेहरा लालबुंद झाला, फिल्म नुसती खडखडली. एरवी मला हसू आलं असतं.

"भुजंगराव, कापा तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

भुजंगराव साठीला आलेले. तीस वर्षं प्लास्टर कापतायत. त्यांनी हातातल्या मशीनची वायर काढली, व्यवस्थित गुंडाळली, आणि मशीन कपाटात ठेवून दिली.

"मी न्हाई कापत साहेब," ते म्हणाले. "तीन आठवडे व्हायचेत अजून. बराबर दिवस भरल्यावर कापतो."

"नका कापू! घरी विळा हाय," रामराव गरजला. "चल गं, ऊठ."

पण दुर्गाबाई उठल्या नाहीत. इतका वेळ ती बाई एक शब्द बोलली नव्हती. पिशवी मांडीवर घट्ट धरून त्यांनी मला विचारलं, "बाई, ही रेघ मनगटातच असती का?"

"सगळीकडे असते. गुडघ्यात, खांद्यात. कमरेच्या हाडांच्या कडा तर विशीपर्यंत जुळत असतात."

"आन् त्याच्या आधी लेकरू झालं तं?"

सोळा वर्षांत मी त्या दवाखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तेव्हा सांगितलं. डॉक्टरांसमोर, भुजंगरावांसमोर, त्या माणसासमोर.

"मूल अडतं. माझं अडलं होतं. पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी बाळंतपण. राजूरच्या पलीकडे आमचं गाव. दीड दिवस अडून राहिलं आणि मेलेलं निघालं. मुलगा होता. सासूनं मला पांढऱ्या पायाची म्हटलं आणि दोन वर्षांत माहेरी आणून टाकलं. मला वाटायचं, माझंच काहीतरी खोटं. पुढं पंचविशीत हे काम शिकायला गेले तेव्हा सरांनी पंधरा वर्षांच्या मुलीच्या कमरेचा फोटो लावला आणि सांगितलं की हे हाड अजून पुरं झालेलं नाही, हिचा रस्ता अजून अरुंद आहे. त्या दिवशी मला कळलं. दहा वर्षं मी पायाला दोष देत होते. दोष हाडाचा नव्हता, पायाचा नव्हता, ज्यांनी घाई केली त्यांचा होता."

माझा आवाज चढला होता. बाहेरच्या बाकांवरचे लोक दारात येऊन उभे राहिले. रामरावानं आजूबाजूला पाहिलं, पोरीचा डावा हात धरला आणि तिला ओढतच बाहेर नेलं. दुर्गाबाई मागोमाग गेल्या. बांगड्यांची पिशवी बाकावर राहिली. विसरली की ठेवली, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

मी डॉक्टरांसमोरच १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या सरकारी नंबरला, फोन लावला. गाव सांगितलं, लग्नाचा वार सांगितला, शाळेचं नाव सांगितलं. माझं स्वतःचं नावही सांगितलं. तिकडून बाई म्हणाल्या, नाव सांगितलं नाही तरी चालतं. मी म्हटलं, लिहा.

"उद्यापासून येऊ नका," डॉक्टर म्हणाले. मी डबा उचलला आणि स्टेशनवर जाऊन बसले.

सोमवारी अधिकारी आणि पोलीस गावात गेले. शाळेतून जन्मतारखेचा दाखला आला, दवाखान्यातून फोटोची प्रत गेली. लग्न थांबलं. दोन्ही घरांकडून अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही असं लिहून घेतलं. इथं तो 'पूर्ण' शब्द पहिल्यांदा खऱ्या कामाला आला. मंगळवारी डॉक्टरांचा मला फोन, परत या म्हणून. बदनापुरात दुसरी टेक्निशियन मिळत नाही, ही एक गोष्ट. दुसरी अशी, की आमच्या दवाखान्याच्या जागरूकतेमुळे बालविवाह टळला म्हणून तालुक्यात त्यांचा सत्कार ठरला होता. शाल, नारळ, फोटो. गळ्यात हार घातलेल्या डॉक्टरांचा तो फोटो अजून आमच्या खिडकीशेजारी लावलेला आहे. त्यात रेघ बघणारी बाई नाही आणि मशीनची वायर गुंडाळणारा माणूसही नाही. बघितला की अजून डोकं फिरतं. पण मी कामावर परत गेले, कारण मला पुढचे तीन आठवडे मोजायचे होते.

लिहून दिलेल्या कागदाची किंमत मला माहीत आहे. लिहून देतात, दोन महिने गप्प बसतात, आणि मग मुलीला मामाकडे म्हणून पाठवतात, शहागडच्या पलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि तिकडून ती बाई होऊनच येते. कुणाचं लक्ष नसतं, कारण सत्कार आटोपलेला असतो.

दिवस भरले तेव्हा रामराव स्वतः आला. माझ्याकडे बघतही नव्हता. भुजंगरावांनी प्लास्टर कापलं. मी फोटो काढला. आपटण्याचा परिणाम झाला होता. हाड पक्कं जुळलं होतं, पण किंचित कलून. बाहेरून हात बघणाऱ्याला कळणारही नाही इतकं. फोटोत मात्र स्वच्छ दिसत होतं.

डॉक्टरांनी ते दाखवलं आणि रामरावाचा चेहरा पांढराफटक पडला.

"वाकडा? आता वाकड्या हाताच्या पोरीला कोण करून घिईल? साहेब, कितीबी खर्चा होऊ द्या, पण हे सरळ करा."

बघा. पोरीचा जीव जाऊ शकतो हे ऐकून जो हलला नाही, तो कललेल्या हाडाला भ्याला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की या माणसाची दोरी माझ्या हातात आली आहे.

"होतं ना सरळ," मी म्हटलं. "ही रेघ आहे ना, ती उघडी आहे तोवर हाड स्वतःला सरळ करतं. देवाचीच करणी. पण लक्ष ठेवावं लागतं. दर तीन महिन्यांनी फोटो काढायला आणायचं. मधेच कुठं परगावी पाठवली, शाळा सोडून कामाला जुंपली, तर राहिलं वाकडं ते कायमचं राहिलं. मग आम्हाला बोल लावायचा नाही."

यातलं रेघेचं वाक्य तेवढं खरं आहे. बाकीचं मी जागच्या जागी रचलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग खिडकीशेजारच्या त्यांच्या सत्काराच्या फोटोकडे.

"बरोबर सांगतायत त्या," डॉक्टर म्हणाले. "दर तीन महिन्यांनी आणा." तोंड बंद ठेवायचं काम त्यांनाही जमतं म्हणायचं.

तेव्हापासून तो आणतो. जुलैत आणलं, ऑक्टोबरात आणलं, परवा जानेवारीत आणलं. मी दार लावून घेते. दर वेळी किरण सोडत नाही, त्याची गरज नसते. ती टेबलावर हात ठेवून बसते आणि आम्ही पाच-सात मिनिटं बोलतो. शाळेनं पुन्हा परीक्षा घेतली, ती आता दहावीत आहे. आई गुपचूप मदत करते. चुलता आणखी एका स्थळाचं बोलून राह्यला, हे तिनं मला ऑक्टोबरात सांगितलं आणि मी ते पोचवायचं तिथं पोचवलं.

हात केव्हाच सरळ झाला आहे. ऑक्टोबरातल्या फोटोत तर कलही दिसत नाही, मोडल्याची खूण शोधावी लागते. पण तो फोटो बाहेर लावत नाही. रामरावाला मी दर वेळी प्लास्टर काढल्या दिवशीचाच दाखवते.

"अजून जरासा वाकडा हाय म्हणा की," तो परवा चष्मा लावून म्हणाला.

"आहे ना. घाई करायची नाही," मी म्हटलं.

नव्या नोंदीत वयाचा रकाना आला. हिच्या वेळी आता ते मी कुणाला विचारत नाही, स्वतःच टाइप करते. चौदा वर्षं अकरा महिने. अठरा व्हायला अजून तीन वर्षं एक महिना आहे. तोवर हा हात मी सरळ होऊ देणार नाही.